ठेंगणा बालाघाट

गुलमर्गच्या उतारांवर हिवाळ्यात स्की घसरतात आणि बर्फ वितळलं की तिथेच हिरवी कुरणं पसरतात. आमच्या लातूर-नांदेडच्या वाट्याला मात्र बालाघाट आला. हरिश्चंद्रगडाकडून निघालेली सह्याद्रीची ही फांदी आमच्यापर्यंत पोचते तेव्हा सुळके, कडे मागे राहिलेले असतात. उरतात सपाट माथे, मुरमाड उतार आणि मधूनच माळावर एकटी उभी एखादी टेकडी. इथे शिखर जिंकल्याचा झेंडा कुणी रोवत नाही. मला हा डोंगर प्रिय आहे तो याच ठेंगणेपणामुळे. तो कुणालाच परत पाठवत नाही.

थंडीत त्याचा खरा हंगाम. पहाटे कानटोप्या घातलेली पोरं सायकली घेऊन चढावर येतात. गिअरची सायकल नसली तरी अडत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवसेचा सण. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं आणि शिवारं गजबजतात. ज्वारी निसवलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. कडब्याच्या कोपीत पूजा होते. मग आंबील, भज्जी, उंड्यांची पंगत. झाडाला झोका बांधलेला असतोच. आमचा हिवाळी खेळ तो हाच, आणि त्याला तिकीट नाही.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा सायकल सूर्य वर येण्याआधीच उतरवावी लागते. गवत पिवळं पडून झडतं, पळसाची फुलं ओघळून जातात आणि डोंगराची हाडं दिसू लागतात. पण याच काळात त्याचं काम कळतं. बालाघाट गोदावरी आणि मांजरेचं पाणी वेगळं करतो. पुढे तेलंगणाच्या सीमेवर, कंदकुर्तीला, दोन्ही नद्या पुन्हा भेटतात. माथ्यावरचा सच्छिद्र जांभा पावसाचं पाणी मुरवतो, खालचा काळा पाषाण ते अडवतो. पाऊस सलग दगा देतो तेव्हा हे साठेही आटतात. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे लातूरकर विसरलेले नाहीत.

माणसानेही या दगडात घर केलं. औसा तालुक्यात खरोशाच्या टेकडीत सहाव्या शतकातली लेणी आहेत. जांभा कोरायला सोपा, झिजायलाही सोपा. देवांचे चेहरे पुसट झालेत, तरी उभं राहण्याची ढब शाबूत आहे. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर तर इतिहास अगदी अलीकडचा. रझाकारांविरुद्ध लढणाऱ्या तरुणांना या टेकडीने आसरा दिला. 17 सप्टेंबर 1948ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, त्यात या बुटक्या दगडांचाही वाटा आहे.

उंच पर्वताला त्याची उंचीच राखते. ठेंगण्या डोंगराला तसं कवच नसतं. पायथ्याला पोकलेन लागलं की मुरूम ट्रकांतून निघून जातो आणि वर्षानुवर्षं पाणी मुरवणारा उतार कायमचा संपतो. टेकड्यांवर पर्यटन यावं, सायकलींच्या वाटा व्हाव्यात, पोरांनी तिथे घाम गाळावा, असं मलाही मनापासून वाटतं. मात्र त्या आराखड्याची पहिली ओळ एवढीच असावी: पायथा खणायचा नाही. बाकीचं सगळं त्यानंतर.