फ्लॅट दाखवल्यानंतरचा फोन

फ्लॅट बघून झाला की मी कुलूप लावायच्या निमित्ताने जरा मागे रेंगाळते. लिफ्टमध्ये पार्टीला आपापसांत बोलू द्यावं. खाली पार्किंगमध्ये मला ऐकायला मिळतं ते गाळून आलेलं: "छान आहे. घरी बोलून कळवतो." कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात मी रिसेल फ्लॅटचं काम करते. 'कळवतो' म्हणणारे बहुतेक स्वतःहून कळवत नाहीत, आणि त्यात त्यांचा काही दोषही नसतो.

"मग, काय ठरलं?" असा फोन मात्र मी करत नाही. त्यांचं काही ठरलेलं नसतं; विचारलं की काहीतरी सांगणं भाग पडतं, आणि सांगायला सगळ्यात सोपं असतं ते 'नाही'. त्यातून त्यांनी एखाद्या वेबसाइटवर नंबर टाकलेला असला तर सकाळपासून तीन-चार एजंट हेच विचारून गेलेले असतात. फोन करायचा तर हातात काहीतरी द्यायला हवं. ते काय, हे बहुतेक वेळा फ्लॅटमध्येच दिसलेलं असतं.

कर्वेनगरचा एक टू बीएचके दाखवत होते. मुलगा-सून हॉलमध्ये सोफा कुठे बसेल ते टेपने मोजत होते. मुलाची आई सरळ ड्राय बाल्कनीत गेली, वॉशिंग मशीनचा नळ सोडला, धारेखाली तळवा धरून थोडा वेळ उभी राहिली, नळ बंद करून पदराला हात पुसला. बोलली काहीच नाही. त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. कॉर्पोरेशनचं पाणी टाकीत कधी येतं, बोअरचं पाणी कुठल्या नळांना जोडलंय, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे सगळं विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुलाला फोन केला. "काकूंना सांगा, स्वयंपाकघरात कॉर्पोरेशनचंच पाणी आहे, बोअरचं फक्त फ्लशला. मे महिन्यात टँकर येतो, पण त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत."

"आईने विचारलं होतं का तुम्हाला?"

"नाही, नळ सोडून बघत होत्या."

थोड्या वेळाने काकूंचाच फोन. "अहो, त्या बाल्कनीत ऊन कधी येतं? कपडे वाळायला हवेत ना पावसाळ्यात." मी म्हटलं, दुपारी येऊन बघा. आल्या. शेजारच्या दाराची बेल वाजवून तिथल्या बाईंशीही बोलून आल्या. ते मला सुचलं नसतं.

त्यानंतर मात्र सगळं गप्प.

दुसऱ्यांदा येऊन गेलेली पार्टी गप्प झाली की मी पहिला संशय पैशांवर घेते. हिंजवडीत बऱ्या पगारावर असलेला मुलगा एजंटला "जमत नाही हो" असं तोंडाने म्हणणार नाही, आणि मीही तसं विचारणार नाही. अशा वेळी एक हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. रात्री जेवणं झाल्यावर घरातल्यांनी तो आपला आपण बघावा. फ्लॅट 82 लाखांना बसत होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के मिळतात, म्हणजे 65 लाख 60 हजार. उरलेले 16 लाख 40 हजार आपले. बरेच जण इथेच थांबतात. पण पुण्यात सगळे अधिभार धरून स्टॅम्प ड्यूटी 7 टक्के, म्हणजे 5 लाख 74 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. हे बँक किमतीत धरत नाही. झाले जवळपास साडेबावीस लाख रोख, आणि माझं ब्रोकरेज अजून यायचंय. शिवाय बँकेच्या व्हॅल्युअरने जुन्या बिल्डिंगची किंमत कमी लावली तर कर्ज आणखी खाली येतं.

त्याच कागदावर खाली लिहिते: दस्त फक्त सुनेच्या नावावर केला तर 1 टक्का सवलत आहे, 2021 पासून. इथे 82 हजार वाचतात. नवऱ्याचंही नाव घातलं की सवलत गेली. कर्जात सहअर्जदार म्हणून तो राहू शकतो का, ते बँकेत विचारून घ्यायचं. किंमत 50 लाखांच्या वर असल्यामुळे 1 टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायचा, तो मात्र मालकाच्या पैशांतून. (मालक परदेशात स्थायिक असला तर हा हिशोब पार बदलतो, आणि कोथरूडला असे मालक काही कमी नाहीत.)

या मधल्या काळात मालकांचे फोन सुरूच असतात. "काय म्हणाले? दुसरी पार्टी टोकन घेऊन बसलीय म्हणून सांगा ना." आमच्या लाइनमध्ये हे सर्रास चालतं आणि मला त्याचा तिटकारा आहे. सभ्यतेचं राहू द्या, पण गेटवरच्या वॉचमनला विचारलं की दोन मिनिटांत खोटं उघडं पडतं. वास्तूवरून अडलेल्या पार्टीचा पाठपुरावाही मी सोडून दिलाय. दक्षिणेचा दरवाजा फोन करून पूर्वेला जात नाही. पितृपंधरवड्यात टोकनचा विषय काढायचा नाही, हेही तसंच. घटस्थापना झाली की तीच माणसं स्वतःहून फोन करतात.

कर्वेनगरच्या मुलाचा निरोप हिशोब पाठवला त्याच रात्री उशिरा आला. स्टॅम्प ड्यूटी त्यांनी धरलीच नव्हती. "इतकं नाही जमणार मॅडम. 70 पर्यंतचं काही असेल तर दाखवा." मालकांना मी सकाळीच कळवून टाकलं, या पार्टीवर थांबू नका. ते चिडले, पण महिनाभर उगाच आशेवर ठेवण्यापेक्षा बरं. वारज्याला एक फ्लॅट 69 ला सुटण्यासारखा होता. तो रविवारी दाखवायचं ठरलं, तर शनिवारी काकूंचा फोन.

"पाणी कसंय तिथलं?"

"विचारून ठेवलंय काकू, दोन्ही वेळा येतं."

"बरं. आणि ते तुमचे दोन टक्के जरा जास्त होतात हो. दीडमध्ये बसवा."

"अहो काकू, आधी फ्लॅट तर बघा!"

"तो बघणारच आहोत. हे आधी ठरलेलं बरं."