निलगिरीची दैनंदिनी (लेखांक तिसरा) : झाडांनी प्यायलेले पाणी

सोमवार, मेट्टुपाळयम ते कुन्नूर

डोंगरगाडी सकाळी सातच्या सुमारास सुटली. कल्लारपर्यंत सुपारीच्या बागा लागतात. तिथून पुढे रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीत इंजिनाचे दाते अडकतात आणि गाडी माणसाच्या चालीने चढू लागते. 1899 साली ही गाडी कुन्नूरपर्यंत आली, 1908 मध्ये उटीपर्यंत. खालच्या उतारांवर अजून बरे जंगल आहे. कुन्नूर जवळ आले की ते संपते आणि चहा सुरू होतो. डब्यातल्या एका कुटुंबाने नेमके तिथेच ‘किती हिरवंगार!’ म्हणून मोबाइल बाहेर काढले. हिरवे आहे खरे, पण एकाच झुडपाचे.

नोव्हेंबर 2009 मध्ये याच पट्ट्यात, कुन्नूर, कोटगिरी आणि केत्तीच्या आसपास, दरडी कोसळून चाळीसहून अधिक माणसे गेली. रस्त्यासाठी उभा कापलेला उतार, त्यावर घरे, ओढ्याच्या वाटेवर भराव. माळीण आणि तळीयेच्या दरडी पाहिलेल्या आपल्या लोकांना यापुढचे सांगायला नको.

मंगळवार, कोटगिरी रस्ता

ड्रायव्हर अण्णांनी सरकारी चहामळ्यापाशी गाडी उभी केली. हा मळा कसा झाला ते ऐकल्यावर मला जंगलतोडीचा राग नीट धरता येईना. इंग्रजांनी तमिळ मजूर सिलोनच्या चहामळ्यांत नेले. दोन्ही देशांतल्या 1964 च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले लाखो लोक भारतात परत धाडले गेले. त्यांना काम हवे म्हणून तमिळनाडू सरकारने 1968 पासून या जिल्ह्यातल्या वनजमिनीवर चहा लावला. पाने खुडणारी एक आजी म्हणाली, “आम्हाला दुसरं काय येतं, अय्या?” उत्तर नव्हते. चहा घेतला, पुढे निघालो.

बुधवार, ग्लेनमॉर्गन आणि पायकारा

पहाटे गवतावर दहिवर गोठून पांढरे झाले होते. जानेवारीतल्या या थंडीने इथल्या डोंगराची वाटणी करून ठेवली आहे. उघड्या माथ्यावर गवत आणि घळीत, जिथे ओल आणि आडोसा असतो तिथे, शोला नावाचे बुटके, दाट, शेवाळलेले जंगल. शोलातली रोपे उघड्यावर दहिवराने करपतात, म्हणून माथ्यावर हजारो वर्षे गवतच राहिले. जोराचा पाऊस हे गवत झेलते, खालची काळी माती तो मुरवते आणि घळीतल्या दलदली स्पंजासारख्या ते पाणी उन्हाळाभर सोडत राहतात. पायकारा, भवानी, मोयार या सगळ्या नद्यांचा संसार त्यावर चालतो. मोयार आणि भवानी भवानीसागर धरणात एकत्र येतात आणि पुढे कावेरीला मिळतात.

इंग्रजांना हे गवत रिकामी जागा वाटली. कोईमतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन 1819 मध्ये वर आला आणि काही वर्षांत उटी वसली. वस्तीला जळण लागते. 1840 च्या दशकात ऑस्ट्रेलियातून युकॅलिप्टस आले, म्हणजे ज्याला आपण निलगिरीच म्हणतो ते झाड. तिकडचेच, बाभळीच्या जातीचे वॅटलही आले. स्वातंत्र्यानंतर तर सरकारी योजनाच झाल्या. कातडे कमावायला लागणारी वॅटलची साल दक्षिण आफ्रिकेतून आणावी लागे, ती घरात पिकावी हा हिशेब; युकॅलिप्टसचा लगदा कृत्रिम धाग्याच्या कारखान्याला. कागदोपत्री गवताळ जमीन ‘पडीक’ होती, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचे कारणच नव्हते. झाडे तोडल्याचा गाजावाजा होतो. गवत मोडून झाडे लावली तर हारतुरे मिळतात.

आज जी जागा पाहिली ती या हारतुऱ्यांना उत्तर आहे. उटीच्या मृद व जलसंधारण संशोधन केंद्राने इथे प्रत्येकी सुमारे 32 हेक्टरांची दोन शेजारची पाणलोट क्षेत्रे निवडली. एकात गवत आणि शोला तसेच ठेवले. दुसऱ्यात 1972 मध्ये निम्म्याहून जास्त जागेवर युकॅलिप्टस लावले. दोन्हींचे ओढे वर्षानुवर्षे मोजले. पहिल्या दहा वर्षांत युकॅलिप्टसच्या ओढ्याचे वार्षिक पाणी 16 टक्क्यांनी घटले. मग झाडे तोडली, खुंटांना धुमारे फुटले, आणि त्या दुसऱ्या फेरीत घट सुमारे 25 टक्क्यांवर गेली. जुनी खोल मुळे जागच्या जागी होती, त्यांना नव्याने वाढायचे नव्हते, फक्त प्यायचे होते. पावसाचा लोंढा या झाडांमुळे थोडा कमी होतो हेही मोजणीत दिसले. ते झाकायचे कारण नाही. पण उन्हाळ्यातले पाणीही आटले, आणि खाली 1932 पासून चालणारे पायकाराचे वीजघर याच पाण्यावर फिरते.

बोटिंगला मोठी रांग होती. मी बसलो नाही.

गुरुवार, तोडांचा मंद

तोडा हे इथले म्हशी पाळणारे आदिवासी; त्यांच्या वस्तीला मंद म्हणतात. अर्धगोल पाठीच्या त्यांच्या झोपड्या आता थोड्याच उरल्या आहेत. शाकारणीचे गवत दलदलीत उगवते आणि वॅटल दलदलीपर्यंत पोचले आहे. म्हशींनाही चरायला माथा उरला नाही, कळप आटले. उरलेला उतार गाजर-बटाट्याने घेतला आहे. सऱ्या डोंगराच्या आडव्या काढायच्या तर पाणी साचून पीक कुजते म्हणून उभ्या काढतात, आणि माती थेट तलावात जाते.

शुक्रवार, अ‍ॅव्हलांच

ऑगस्ट 2019 मध्ये इथे 24 तासांत 800 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. वनखात्याच्या जीपमधून वर गेलो. तमिळनाडूने 2022 मध्ये परकी झाडे काढण्याचे धोरण जाहीर केले आहे. वॅटल काढलेल्या एका उतारावर गवत परतलेले दिसले, पण त्यात वॅटलची बोटभर रोपे शेकड्यांनी होती. त्याचे बी जमिनीत कित्येक दशके जिवंत राहते. झाड तोडले, ऊन लागले की उठते. दरवर्षी उपटत राहावे लागते. शिवाय काही जुन्या वॅटलच्या सावलीत शोलाची रोपे वर येत आहेत, तिथे कुऱ्हाड चालवली तर तीही जातील. एकेका उताराचा वेगळा विचार करावा लागेल, आणि सरकारी निविदेत तो कसा बसवायचा कोण जाणे.

आपल्याकडे कोकणात ऑस्ट्रेलियन बाभूळ अशीच उत्साहाने लावली गेली, आणि अजून दर जूनला कातळसड्यांवर, पठारांवर खड्डे खणायला मंडळी निघतात. वाचकांपैकी कुणाला यंदा असे निमंत्रण आले, तर रोप हातात घेण्याआधी तिथल्या गुराख्याला विचारा, इथे आधी काय उगवत होते. तो ‘गवत’ म्हणाला, तर रोप दुसरीकडे न्या.