धडधाकट डिस्क आणि फॉरमॅटचे बटण

मॅकवर किंवा लिनक्सवर भरलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली, की बहुधा दोहोंपैकी एक होते. एक तर ती दिसतच नाही. नाही तर पडद्यावर चौकोन उघडतो: ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणे. या वाक्याचा माझा राग अजून गेलेला नाही. डिस्क ठणठणीत असते, आतली फाइल न् फाइल जागेवर असते. वाचता येत नसते ते विंडोजला, आणि उपाय सुचवला जातो तो डिस्क पुसण्याचा. घरच्या लग्नाचे फोटो पाहायला बसलेल्या माणसाला 'फॉरमॅट' म्हणजे नेमके काय हे ठाऊक असेलच असे नाही. 'वापरायची असेल तर' एवढेच तो वाचतो आणि हो म्हणतो. क्विक फॉरमॅट झाले तर फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर बराचसा मागे उरतो आणि पैसे मोजून काही परत मिळू शकते. पण पूर्ण फॉरमॅटमध्ये व्हिस्टापासून विंडोज सगळ्या डिस्कवर शून्ये लिहिते. मग परत काढायला काही उरत नाही. मॅक त्या मानाने प्रामाणिक. 'या संगणकाला ही डिस्क वाचता येत नाही' असे म्हणून तो कमीपणा स्वतःकडे घेतो. अर्थात 'इनिशियलाइझ'चे बटण तोही शेजारीच ठेवतो.

विंडोजला परकी डिस्क ओळखता येणार कशी, असे यावर कुणी म्हणेल. ओळखता येते. आजच्या बहुतेक मोठ्या डिस्कच्या सुरुवातीला विभागांचा तक्ता असतो आणि त्यात प्रत्येक विभागापुढे सोळा बाइटची एक खूण असते: हा ॲपलचा, हा लिनक्सचा, हा विंडोजचा. या खुणा गुप्त नाहीत. तेव्हा 'ही डिस्क मॅकची दिसते, आत डेटा असू शकतो, मॅकला जोडून पाहा' एवढे वाक्य दाखवायला नवा शोध लावायला नको. हे वाक्य का दाखवले जात नाही, याचे तांत्रिक उत्तर माझ्या तरी पाहण्यात नाही.

माझे म्हणणे असे, की डिस्क इकडची तिकडे न चालण्यामागे तंत्रापेक्षा व्यवहार जास्त आहे. कंपन्यांच्या मनात आले तेव्हा हे कोडे त्यांनी चटकन सोडवले होते. १९८५ साली अमेरिकेत लेक टाहोजवळच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सोनी, फिलिप्स अशा कंपन्यांची माणसे बसली आणि सीडी-रॉमवर फायली कशा मांडायच्या हे ठरवून उठली. त्यातून १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे मानक आले, आणि तीच सीडी विंडोजमध्येही चालली, मॅकमध्येही. सीडी एकाच यंत्रावर चालली असती तर खपलीच नसती. (गंमत म्हणजे २०१७ मध्ये ॲपलने मॅकवर एपीएफएस ही स्वतःची नवी फाइल व्यवस्था आणली, जी विंडोज आपणहून वाचत नाही, तेव्हा त्या मॅकओएसचे नाव होते हाय सिएरा.)

हार्ड डिस्कच्या बाबतीत हा समंजसपणा दिसला नाही. १९९६ सालची फॅट३२ ही फाइल व्यवस्था सगळीकडे चालते, पण तिच्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही; लग्नाचा अखंड व्हिडिओ तिथेच अडतो. विंडोजची एनटीएफएस १९९३ची. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली. मोठ्या फायली आणि साधी रचना, नेमके हवे ते. २००९ मध्ये एसडीएक्ससी मेमरी कार्डांसाठी तीच ठरली, २०१० मध्ये मॅकनेही ती स्वीकारली. पण तिच्यावर पेटंटांचे कुंपण होते. याच कुळातल्या फॅटच्या पेटंटांवरून मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये टॉमटॉम या नकाशायंत्रांच्या कंपनीला कोर्टात खेचले होते, तेव्हा लिनक्सवाले बिचकून राहिले यात नवल नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला केला ऑगस्ट २०१९ मध्ये, आणि त्याच नोव्हेंबरात ती लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. तेरा वर्षे जे अडून होते ते परवानगी मिळताच तीन महिन्यांत सुटले. माझ्या म्हणण्याला याहून वेगळा पुरावा मला लागत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. फाइल व्यवस्था म्हणजे नुसते कपाट नव्हे. कोणती फाइल कुणी उघडायची याच्या परवानग्या, वीज गेली तर सावरायला नोंदवही, असे बरेच त्यात असते आणि ते प्रत्येक प्रणालीच्या स्वभावाला बांधलेले असते. दुसऱ्याच्या नोंदवहीत अर्धवट ज्ञानावर खाडाखोड करण्यापेक्षा नुसते वाचणे बरे, म्हणून मॅक एनटीएफएसवर लिहीत नसेल तर तो सावधपणाच आहे. मला हे पटते. पण हा युक्तिवाद संगणकाच्या आतल्या डिस्कचा झाला. डीटीपीवाल्याकडून छापखान्यात जाणाऱ्या डिस्कला परवानग्यांचा हा डोलारा कशाला? दुसरा आक्षेप क्लाउडचा: डिस्क हवीच कुणाला? २० एमबीपीएसच्या अपलोडने १ टीबी वर चढवायला अखंड साडेचार दिवसांहून जास्त लागतात. डिस्क रिक्षाने तासाभरात पोचते.

मग सगळ्यांनी एक्सफॅट करून टाकावे का? इतका वेळ तिची बाजू घेतली, तरी एकुलती एक प्रत मी तिच्यावर ठेवणार नाही. तिच्यात नोंदवही नाही. लिहिणे चालू असताना केबल निघाली तर अनुक्रमणिका बिघडू शकते, म्हणून 'इजेक्ट' केल्याशिवाय ओढायची नाही. बारीकसारीक फायली लाखभर असतील तर जागाही वाया जाते, कारण मोठ्या डिस्कवर विंडोज सहसा १२८ केबीचे कप्पे पाडते आणि दोन ओळींची फाइलही अख्खा कप्पा अडवते. तेव्हा ने-आण करायच्या डिस्कला एक्सफॅट, घरी कायम ठेवायच्या डिस्कला ज्या संगणकाची ती आहे त्याचीच व्यवस्था. मॅकची टाइम मशीन तर एक्सफॅटवर थेट बॅकअप घेतच नाही, तिला वेगळी डिस्क द्या. मॅकवरून फॉरमॅट करताना डिस्क युटिलिटीत 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा, सर्वांत वरचे, डिस्कचे नाव धरा, एक्सफॅट आणि त्याखाली 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' घ्या. टीव्हीला जोडायची असेल तर आधी टीव्हीची पुस्तिका पाहा. कित्येक जुने टीव्ही एक्सफॅट घेत नाहीत. आणि यातले काहीही करण्याआधी डिस्कवरचे सगळे दुसरीकडे उतरवून घ्या. फॅट३२ची एनटीएफएस करणारी 'कन्व्हर्ट' ही आज्ञा विंडोजमध्ये आहे; आतला डेटा तसाच ठेवून एनटीएफएसची एक्सफॅट करायची सोय विंडोजमध्येही नाही आणि मॅकमध्येही नाही.