ब्राऊन बेल्ट, लाल माती

दरवर्षी आठ मार्चला आमच्या ऑफिसात तीन गोष्टी ठरलेल्या असतात. गुलाबाचं फूल, केक आणि सेल्फ डिफेन्सचं वर्कशॉप. यंदाचं वर्कशॉप दीड तासाचं होतं. कॅफेटेरियातली टेबलं बाजूला सरकवून, एसीच्या गारव्यात, चाळीस जणींनी एकमेकींची मनगटं धरली आणि सोडवली. सर म्हणाले, अंगठ्याच्या बाजूने झटका द्या. दिला. सुटलं! टाळ्या. एचआरने फोटो काढले, सर्टिफिकेट दिलं, गुडी बॅगेत पेपर स्प्रेची छोटी बाटली टाकली. खराडीच्या चौदाव्या मजल्यावर आम्ही सगळ्याजणी दीड तासात अजिंक्य झालो.

सर्टिफिकेट डेस्कवर लावताना मला मात्र कसंसंच झालं. कारण असलं एक माझ्याकडे आधीपासून आहे. दौंडच्या घरी, ट्रंकेत, कराटेच्या ब्राऊन बेल्टखाली. त्या बेल्टचं काय झालं ते पुढे सांगते. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय: स्वतःचा बचाव करणं ही गोष्ट कुणालाही शिकवता येते का? म्हणजे, माझ्यासारखीलाही?

म्हणून त्या विकेंडला घरी जाताना शिरूरमार्गे वाकडी वाट केली. पुण्याहून दौंडला सरळ रेल्वे असताना शिरूरवरून कुणी जातं का? नाही जात. पण शिरूरला मामा आहे, मामेभावाची बुलेट आहे आणि त्याच्या ओळखीची एक तालीम आहे, जिथे आता मुलीही कुस्ती शिकतात.

शनिवारी सकाळी खराडी बायपासला एसटी पकडली. वाघोली पार करायला जो वेळ लागतो तो हिशेबात धरायचा नाही, तो नशिबाचा भाग. पुढे पेरणे फाट्याला विजयस्तंभ लागतो. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली साधारण आठशे जणांची कंपनीची तुकडी रात्रभर चालत इथे भीमाकाठी आली आणि दुसरा अख्खा दिवस पेशव्यांच्या फौजेशी लढली. त्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. ज्यांना गावात मान वर करून चालायची मुभा नव्हती, त्यांच्या हातात बंदूक आणि अंगात कवायत आल्यावर काय झालं, हे त्या दगडावर नावांनिशी कोरलेलं आहे. ‘अमक्यांच्या रक्तातच लढणं असतं’ असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मला हा खांब आठवतो.

रांजणगावला अर्धी एसटी महागणपतीसाठी उतरली, उरलेली अर्धी एमआयडीसीसाठी. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. स्टँडवर मामेभाऊ बुलेटला टेकून उभा होता. ‘‘आधी तालीम, मग जेवण,’’ म्हणाला. ‘‘जेवून गेलीस तर तिथेच बाहेर येईल.’’

तालीम म्हणजे पत्र्याची शेड. एका बाजूला लाल मातीचा हौदा, दुसऱ्या बाजूला मॅट. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवतात, वासावरून कळतंच. भिंतीवर मारुती आणि त्याच्या शेजारी खाशाबा जाधव, 1952 ला हेलसिंकीहून ब्राँझ आणणारे, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेते. जुन्या तालमींत बाईने उंबरा ओलांडायचा नाही, असा रिवाज असायचा. 2023 ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, आणि आता या शेडमध्ये आठ-दहा पोरी वेण्या घट्ट बांधून बैठका मारत होत्या. मोजायला गेले आणि दीडशेनंतर नाद सोडला.

वस्तादांना मी सरळच विचारलं. ‘‘कुणालाही शिकवता येतं का हो?’’

‘‘डाव कुणालाबी येतो,’’ ते म्हणाले. ‘‘ढाक म्हणा, कलाजंग म्हणा, पंधरा दिवसांत हात बसतो. लढत येत नाही.’’

फरक काय? डाव शिकवताना समोरचा उभा राहतो, तुम्हाला करू देतो. लढतीत तो करू देत नाही. त्याला पण तुम्हाला पाडायचंच असतं. रोज जोडीदार घ्यायचा, रोज खरी झोंबी करायची, रोज पडायचं. असं दोन वर्षं केल्यावर अंगात काहीतरी राहतं. कोण टिकतं, असं विचारल्यावर मला वाटलं ते ताकदीचं, खुराकाचं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, ‘‘ज्याला पडायची लाज वाटत नाही तो. बाकीचे आठ दिवसांत जातात.’’

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केलं, तेव्हा ज्युदोत त्यांनी नेमक्या याच गोष्टीवर भर दिला. नुसते ठरलेले फेक-डाव नाहीत, तर प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर मोकळी झुंज. तिला ते रांदोरी म्हणतात. शिरूरच्या वस्तादांनी कानोंचं नाव ऐकलंय की नाही, मी विचारलं नाही. दोघांचं म्हणणं एकच.

मग माझी पाळी. अकरावीतली एक मुलगी, वजन पन्नासच्या आसपास, तिने माझं मनगट धरलं. मी वर्कशॉपमधला झटका दिला. अंगठ्याच्या बाजूने, अगदी पुस्तकी. मनगट सुटलं नाही. ती माझ्या झटक्याबरोबर एक पाऊल आत आली, कोपर धरलं आणि मी मॅटवर उताणी. पुन्हा. पुन्हा. सातव्या-आठव्या वेळी तिने मला उठवताना विचारलं, ‘‘ताई, तुम्ही दर वेळी सॉरी का म्हणता?’’

मी म्हणत होते! माझा हात तिच्या तोंडाला लागला की सॉरी, पाय पडला की सॉरी. पाडत ती होती आणि माफी मी मागत होते. ‘‘मला ढकला,’’ ती म्हणाली. मी तिला लिफ्टचं बटण दाबल्यासारखं ढकललं. ‘‘ओरडा.’’ तोंडातून आलं ते ‘ए...’. ऑफिसात प्रिंटर अडकला तर मी याहून मोठ्याने ओरडते.

आणि ही मुलगीसुद्धा काही सुपरवुमन नाही बरं. बासष्ट किलोचा तिचा थोरला भाऊ तिला रोज पाडतो. वजनगट उगीच नसतात. सिनेमातली नायिका चार गुंडांना एका दमात लोळवते. तालमीत असं काही बोललं की पोरी एकमेकींकडे बघून हसतात. तिला त्या भावाखालून निसटता मात्र येतं. ‘‘कधी पाच सेकंदांत, कधी येतच नाही,’’ हे तिचंच वाक्य. माझ्या सर्टिफिकेटवर ‘कधी येतच नाही’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

जेवायला मामाकडे. मामीने बाजरीची भाकरी वाढता वाढता कपाटावरून एक पट्टा काढून दाखवला. गळ्याला बांधायचा, बाहेरून टोकदार खिळे. मामीचं माहेर पिंपरखेडच्या बाजूचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये त्या भागात जेमतेम तीन आठवड्यांत बिबट्याने तिघांचा जीव घेतला, त्यात दोन लहान मुलं. तेव्हा तिथली माणसं असे पट्टे घालून उसात जायला लागली, कारण बिबट्या मान पकडतो. फोटो पेपरात आले, तुम्ही पाहिले असतील, कदाचित हसलाही असाल. मामीच्या भावजयीने ते महिनोन्‌महिने घातले. पण मामी पट्ट्याबद्दल फार बोललीच नाही. तिने सांगितलं ते असं: एकटीने वाकून खुरपायचं नाही, एकीने उभं राहून बघत राहायचं, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावायची, अंधार पडायच्या आत टोळीने परतायचं. साठीच्या बाया हे शिकल्या. कुणालाही एक किक मारता येत नाही.

दुपारी बुलेटवर निघालो. न्हावरा, मग पारगावला भीमा ओलांडायची. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये रस्ता, आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अडकलात तर बोलायचं काम नाही. चौफुल्याला चहा घेतला. लावणीच्या कलाकेंद्रांसाठी हे नाव सगळ्यांना माहीत आहे. तिथून अगदी जवळ केडगाव आहे आणि तिथली दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली, बालविधवा आणल्या आणि इथे माळावर वसवल्या. त्यांना विणकाम शिकवलं, शेती शिकवली, छापखाना चालवायला शिकवला. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर इथल्या बायकांनीच छापलं. घरातल्या माणसापासूनच बचाव करायचा असेल तर मनगट सोडवून जायचं कुठे, या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी दिलेलं हे उत्तर. आमच्या वर्कशॉपमध्ये घरातल्या माणसाचा विषयच निघाला नव्हता. हल्लेखोर कायम अंधारातला, अनोळखी.

पाटसवरून दौंडला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. दौंड म्हणजे जंक्शन. माझ्या लहानपणी दोन प्रकारची घरं होती, रेल्वेतली आणि एसआरपीतली. राज्य राखीव पोलीस बलाचे 5 आणि 7 नंबरचे गट इथे, ट्रेनिंग सेंटर जवळच नानवीजला. शेजारचे काका एसआरपीतून रिटायर झालेत. त्यांनाही तोच प्रश्न. ते म्हणाले, आम्हाला लाठी शिकवली, पण त्याआधी ओळीत उभं राहायला शिकवलं. एकटा जवान कुणाला भिडायला पाठवत नाहीत. मग मला दटावलं, ‘‘आणि कायदा वाच.’’ वाचला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 खासगी बचावाच्या हक्काबद्दल आहेत. हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा नाही.

रात्री ट्रंक उघडली. बेल्टला डांबराच्या गोळ्यांचा वास.

शाळेत पाच वर्षं कराटे. रांगेत उभं राहून हवेत पंच, हवेत किक, ठरावीक महिन्यांनी परीक्षा, नवा रंग. मी प्रत्येक परीक्षा पास झाले. त्या पाच वर्षांत मला कुणी कधी धरलं नाही. नंतर कॉलेजसाठी पुण्याला अप-डाऊन सुरू झालं. 2014 मधली एक संध्याकाळ, परतीची गाडी, गच्च भरलेला डबा. त्या माणसाने मनगट धरलं नाही. मनगट कुणी धरत नाही हो. तो मागे उभा होता. लोणी ते केडगाव. आणि मी, ब्राऊन बेल्ट, समोरच्या दांड्याला धरून उभी राहिले. हललेच नाही. आवाज फुटला नाही. घरी आले, जेवले, कुणाला काही बोलले नाही.

कितीतरी वर्षं मला वाटायचं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. मग 2017 मधला स्टॉकहोमचा एक अभ्यास वाचनात आला. अत्याचारानंतर तिथल्या तातडीच्या केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांपैकी 70 टक्के जणींनी त्या वेळी अंग लाकडासारखं झाल्याचं सांगितलं होतं. माझ्या बाबतीत घडलं ते त्याच्या शतांशही नव्हतं, पण ‘लाकूड’ मला कळलं. दुसरा अभ्यास कॅनडातला, 2015 चा. तीन विद्यापीठांतल्या 893 विद्यार्थिनी. अर्ध्यांना माहितीपत्रकं दिली, अर्ध्यांना बारा तासांचं शिक्षण. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण पहिल्या गटात 9.8 टक्के, दुसऱ्यात 5.2. बारा तासांत कुणाला बेल्ट मिळत नाही. त्यांनी शिकवलं ते असं: ओळखीच्या माणसाकडून धोका कसा येतो ते ओळखा, ‘असं कसं बोलायचं’ हा संकोच आधीच मोडून ठेवा, नाही म्हणा, मोठ्याने म्हणा, आणि वेळ आली तर मारा. प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. (पुरुषांसाठी आठ मार्चला बारा तासांचं वर्कशॉप कोणती कंपनी घेते, हे कळलं तर मलाही सांगा.)

रविवारी सकाळी गच्चीवर ओरडायची प्रॅक्टिस केली. आईला आधी कल्पना दिली होती, शेजारच्या काकांना नव्हती. ते काठी घेऊन जिन्यापर्यंत आले.

संध्याकाळची पुण्याची गाडी. खिडकी मिळाली. पाटसला एकजण शेजारी बसला, पाय फाकवून, मांडीला मांडी लावून, पेपर उघडून. कदाचित काही मनात नसेलही. केडगाव गेलं. खुटबाव गेलं. मी तीनदा वाक्य जुळवलं आणि तीनदा गिळलं. यवतला गाडी थांबली तेव्हा म्हटलं, ‘‘दादा, सरकून बसा.’’ गाडी थांबलेली असल्यामुळे ते वाटलं त्यापेक्षा फारच मोठ्याने आलं, शिवाय मध्येच चिरकलं. समोरच्या दोन बायकांनी वर पाहिलं. वरच्या बर्थवरून एक पोरगं डोकावलं. त्याने पेपर मिटला आणि सरकला.

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं. उरुळीपर्यंत छाती धडधडत होती.