फसलेल्या कृतीचा ध्वनी

२०१७ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात विवान सुंदरम् यांनी आशिष राजाध्यक्ष प्रभृतींच्या सहकार्याने १९४६च्या नाविक उठावावर जे मांडणशिल्प उभे केले, ते पाहण्यापेक्षा ऐकण्याचे होते. जहाजसदृश धातूच्या पोकळीत अंधारात बसायचे आणि भोवतालच्या आवाजांना सामोरे जायचे. नट नव्हते, रंगमंच नव्हता. तरी प्रयोग होता, आणि कोंडी प्रेक्षकाचीच होती.

‘तलवार’वर १८ फेब्रुवारीला सुरू झालेला संप २३ला शरणागतीत संपला, दरम्यान गिरणगाव रस्त्यावर उतरले, मुंबईत गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. लालबागची आमची आजी ‘तेव्हा खिडक्या लावून बसलो होतो’ एवढेच सांगे (आणि विषय बदले). पण मर्ढेकरांचा ‘काही कविता’ (१९४७) मी पंधरा वर्षे शिकवितो आहे. महानगर, यंत्र, एकाकीपण अशी त्याची संगती लावतो. त्याच शहरात वर्षभर आधी माणसे एकत्र येऊन मेली, हे माझ्या व्याख्यानात एकदाही आलेले नाही. एकाकीपणाची संज्ञा मला कवितेने दिली, की आजीच्या बंद खिडक्यांनी? यंदाच्या टिपणांत त्या जागी समास कोरा ठेवला आहे.