इंदूरचा राजवाडा व त्याच्या पाठीमागचा बाजार

इंदूर शहरात पाऊल टाकणाऱ्या मराठी माणसास राजवाड्याची वाट फारशी विचारावी लागत नाही. बाजाराच्या गर्दीतून मान वर केली की त्याचे सात मजली प्रवेशद्वार दिसू लागते. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. जणू एका इमारतीच्या खांद्यावर दुसरी बसविली आहे. मराठा, मोगल व फ्रेंच अशा तीन धाटणींचा हा संकर आहे. शास्त्र पाहता तो विजोड ठरावा, परंतु डोळ्यांना तो तसा वाटत नाही.

मल्हारराव होळकरांनी 1747 साली हे काम आरंभिले. अहिल्याबाईंनी आपला कारभार महेश्वरी, नर्मदाकाठी नेला. तथापि 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरासच आली. आज वाड्यासमोरील बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे व त्याच्या भोवती फुगेवाले, रिक्षावाले आणि उन्हाने थकलेली माणसे निवांत बसलेली असतात. राणीला याचा विषाद वाटला नसता.

या वास्तूचा खरा वैरी अग्नी. 1801 साली शिंद्यांच्या फौजेने शहर लुटले, तेव्हा वाडाही आगीतून सुटला नाही. त्यानंतर 1984 साली, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, तो पुन्हा पेटला व आतील बहुतेक भाग भस्म झाला. शत्रूने जाळणे निराळे आणि आपल्याच नगरवासीयांनी जाळणे निराळे! पुढे जुन्याच पद्धतीने व जुन्याच जातीच्या साहित्याने तो पुन्हा उभारला गेला.

वाड्यापासून काही पावलांवर सराफा आहे. दिवसा येथे सोन्याचांदीचे तराजू हलतात. रात्री सराफांनी दुकानांची दारे ओढली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात. किसलेल्या कोवळ्या मक्याचा दुधात शिजविलेला भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात तळलेले गराडू, परातीएवढी जिलेबी! मध्यरात्र उलटली तरी लेकरे कडेवर घेतलेली कुटुंबे येथे हिंडत असतात. रात्री माणसांचा राबता राहिला तर चोरीचे भय नाही, म्हणून सराफांनीच या खाद्यवाल्यांना आश्रय दिला, असे जुने लोक सांगतात.

परंतु त्याच अरुंद गल्लीत आता गॅसच्या टाक्यांची रांग लागते व सराफांपैकी काहींना तिची धास्ती वाटते. ती निराधार म्हणता येत नाही. बाजार हलवावा की राखावा, यावर नगरात वाद आहे. माझ्या मते टाक्या कमी कराव्यात, बाजार राहू द्यावा. त्या गर्दीवाचून हा वाडा केवळ तिकिटाची वस्तू होऊन बसेल.

रात्र सरत आली की खाद्यवाले आपली भांडी आवरतात. मग झाडूवाले येतात. 2017 पासून सलग कित्येक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर हा मान इंदुरास मिळाला, तो त्यांच्याच हातांमुळे. ओला कचरा निराळा, सुका निराळा करून ते रस्ता धुऊन काढतात, आणि सराफांची दुकाने उघडण्यापूर्वी कोपऱ्यावर पोह्यांच्या कढईखालची शेगडी पेटलेली असते.