मिलानमधली उकड

"जेवलीस का?" आईचा रोजचा प्रश्न.
"हो गं, मस्त!" माझं रोजचं उत्तर. साफ खोटं!

मिलानमधला माझा पहिला हिवाळा. प्रोजेक्ट नवा, भाषा नवी, पाच वाजताच अंधार. बिस्किटाचा पुडा हेच डिनर. त्यातच नाशिकला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मला रजा मिळाली नाही. मग तर गॅस पेटवायचीही इच्छा होईना.

एका संध्याकाळी शेजारच्या आजींनी दार वाजवलं. भिंतीपलीकडून माझं रडणं ऐकू गेलं असावं. काही न विचारता त्यांनी मला हाताला धरून थेट आपल्या स्वयंपाकघरात नेलं.

पोलेंटा म्हणजे मक्याच्या रव्याची लापशी. (आपलं पांढरं कॉर्नफ्लोअर नव्हे हं!) उत्तर इटलीतलं हे मूळचं गरिबाघरचं खाणं. तांब्याच्या भांड्यात लाकडी दांड्याने पाऊण तास ढवळत बसायचं, हा पारंपरिक फंडा. आजींनी मात्र कपाटातून इन्स्टंटचं पाकीट काढलं आणि चक्क डोळा मारला. पाच मिनिटांत काम फत्ते!

तुम्हीही करून बघा. दोघांसाठी चार कप पाणी उकळा, मीठ घाला. एक कप इन्स्टंट पोलेंटा एका हाताने भुरभुरवत सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या. साधा मक्याचा रवा असेल, तर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास धरा. कडा सुटायला लागल्या की गॅस बंद. मग लोण्याचा गोळा, दोन मुठी किसलेलं चीज आणि मिरपूड. आजी फोंतिना घालतात. आपल्याकडे साधं प्रोसेस्ड चीजही चालतं. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा, अस्सल इटालियन पार्मेजानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. गरमागरमच खा. उरलं तर थापून ठेवा, सकाळी वड्या पाडून तव्यावर परता.

त्या रात्री पोट भरलं आणि आईला पहिल्यांदा खरं सांगितलं. की मी जेवत नव्हते. की तिच्याजवळ नव्हते, हे मनातून जात नव्हतं.

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मी तरी कुठे खरं बोलत होते? गुडघा मस्त आहे म्हणायचे, पण रात्र रात्र झोप नव्हती." मग दोघी फोनवर मनसोक्त रडलो.

"बरं, ते काय खाल्लंस ते नीट सांग," ती शेवटी म्हणाली. मी सगळी कृती सांगितली.
"अगं, म्हणजे उकडच की! फोडणी नाही दिलीस?"

पुढच्या रविवारी लसूण-मिरचीची फोडणी दिलेला पोलेंटा आजींकडे नेला. त्यांनी दोनदा वाढून घेतला.

आता आई "जेवलीस का?" विचारत नाही. "काय जेवलीस?" विचारते. आणि मी विचारते, "आज किती पायऱ्या चढलीस?"